राइनफेल्डनचा रुडॉल्फ : निवडून दिलेला राजा की शपथ मोडणारा सरदार?

शमीवृक्ष (धागाकर्ती)

जर्मनीतील मेर्झेबुर्ग या गावच्या कॅथीड्रलमध्ये एकाच माणसाच्या दोन खुणा जपून ठेवलेल्या आहेत. पहिली खूण म्हणजे त्याच्या थडग्यावरची ओतीव कांस्याची आकृती. डोक्यावर मुकुट आणि हातांत राजदंड व राजगोल असलेली ही आकृती जर्मनीत टिकून राहिलेल्या मानवाकृती थडग्यांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. दुसरी खूण म्हणजे त्याचा म्हणून दाखवला जाणारा, मनगटापासून तुटलेला आणि वाळून कोळ झालेला उजवा हात.

हा माणूस म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या स्वाबियाचा ड्यूक, राइनफेल्डनचा रुडॉल्फ. जर्मनीचा राजा हेन्री चौथा जिवंत आणि गादीवर असताना मार्च १०७७ मध्ये सरदारांनी फोर्खहाइम येथे जमून याला राजा निवडले. साडेतीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १०८० रोजी, एल्स्टर नदीकाठच्या लढाईत त्याचा उजवा हात तुटला, पोटात जखम झाली आणि तो मरण पावला. ज्या हाताने हेन्रीपुढे निष्ठेची शपथ घेतली तोच हात देवाने नेला, असे त्याचे विरोधक म्हणू लागले.

माझे प्रश्न दोन आहेत. एक, रुडॉल्फला आपण काय म्हणावे? दुसरा, ज्यांनी त्याला राजा म्हणून एवढ्या मानाने पुरले, त्यांनीच त्याच्या विरोधकांना पुरावा म्हणून हवा असलेला हात का जपला?

विसोबा_वाचक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यावर उलटलेला माणूस. रुडॉल्फला स्वाबिया मिळाला तो १०५७ मध्ये, हेन्रीची आई आग्नेस मुलाच्या वतीने कारभार पाहत असताना. तिने त्याला नुसता मुलूख दिला नाही, तर आपली मुलगी माटिल्डाही देऊ केली. एवढे पदरात पडल्यावर त्या घराशी वैर धरायचे, याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको.

उमा_ताई

विसोबा, ‘देऊ केली’ हे फार गुळगुळीत झाले. रुडॉल्फने त्या मुलीला, ती ज्या कॉन्स्टान्सच्या बिशपच्या देखरेखीखाली होती, तिथून पळवून नेले आणि आग्नेसला स्वाबिया त्याच्या पदरात घालावाच लागला, अशी एका इतिवृत्तातली हकीकत आहे. माटिल्डा त्या वेळी जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती आणि रुडॉल्फ तिशीच्या आसपासचा. लग्न झाले आणि १०६० मध्ये ती गेलीसुद्धा.

त्याच हकिकतीत त्सेरिंगेन घराण्यातला बेर्टोल्ड येतो. हेन्रीचे वडील हेन्री तिसरे यांनी त्याला स्वाबिया देण्याचा शब्द दिला होता आणि खूण म्हणून अंगठी दिली होती. वेळ आली तेव्हा बेर्टोल्ड अंगठी घेऊन आग्नेसपुढे उभा राहिला, पण तोवर स्वाबिया गेला होता. समजूत म्हणून पुढे १०६१ मध्ये त्याला कॅरिंथिया मिळाला. पुढची गंमत अशी की हेन्रीच्या विरोधात हेच दोघे एकत्र उभे राहिले आणि नंतर रुडॉल्फची मुलगी बेर्टोल्डच्या मुलालाच दिली गेली.

ताकभात

नात्यांचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. माटिल्डा ही हेन्रीची थोरली बहीण, म्हणजे रुडॉल्फ त्याचा दाजी. ती गेल्यावर रुडॉल्फने सव्हॉयच्या आडेलहाइडशी लग्न केले आणि हेन्रीची बायको बेर्था ही तिची सख्खी बहीण. म्हणजे दाजीचा झाला साडू. लग्नपत्रिकेवर नाव कोणत्या बाजूला छापायचे, यावरूनच युद्ध झाले असणार.

गणिताचे_सर

ताकभात, विनोद ठीक आहे, पण मुद्दा गंभीर आहे. हे परकीय आक्रमण नव्हते आणि प्रजेचा उठावही नव्हता. एकाच माजघरात वाढलेल्या माणसांचे हे भांडण होते. विसोबांना मात्र एक आठवण करून देतो. ९ जून १०७५ रोजी उन्श्ट्रूट नदीकाठी सॅक्सनीच्या बंडखोरांचा जो मोड झाला, त्या लढाईत रुडॉल्फ हेन्रीच्याच बाजूने आघाडीला लढत होता. खाल्लेल्या अन्नाला तो वीस दिवसांत नव्हे, जवळजवळ वीस वर्षांनी विसरला. मधल्या काळात असे काय घडले, हे पाहायला हवे.

शमीवृक्ष

सर, मधल्या काळाबद्दल थोडे विस्ताराने लिहाल का? हेन्रीने पोपची माफी मागितली तो कनोसाचा प्रसंग शाळेत एका ओळीत संपतो, आणि त्या ओळीत रुडॉल्फ नसतोच.

गणिताचे_सर

प्रयत्न करतो. मुळात हेन्री आणि दक्षिणेकडचे ड्यूक यांच्यातला विश्वास १०७० नंतर आटत गेला होता. राजा आपल्याऐवजी हलक्या कुळातल्या सल्लागारांचे ऐकतो, ही त्यांची कायमची तक्रार. त्यातच बिशपांना पदाची खूण म्हणून अंगठी आणि दंड कोणी द्यायचा, राजाने की चर्चने, हा वाद पेटला. १०७६ च्या जानेवारीत हेन्री आणि त्याच्या बिशपांनी पोप ग्रेगरी सातव्याला पद सोडायला फर्मावले. फेब्रुवारीत पोपने हेन्रीला बहिष्कृत केले आणि त्याच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण हाताच्या कथेची सगळी मदार तिच्यावर आहे.

ऑक्टोबर १०७६ मध्ये ऱ्हाइनकाठी ट्रिबुर येथे सरदार जमले आणि बहिष्कार वर्षाच्या आत उठवून घेतला नाही तर आम्ही तुला राजा मानणार नाही, असे त्यांनी हेन्रीला बजावले. निवाड्यासाठी पोपने स्वतः आउग्सबुर्गला यायचे ठरले. हेन्रीने तो डाव उधळला. ऐन थंडीत आल्प्स ओलांडून तो कनोसाच्या किल्ल्यासमोर प्रायश्चित्ताच्या वस्त्रांत तीन दिवस उभा राहिला आणि जानेवारी १०७७ च्या अखेरीस बहिष्कार उठवून घेतला. सरदारांना ही खबर मिळाली तेव्हा त्यांना वाटले असणार की पोपने आपल्याला न विचारता परस्पर मिटवून टाकले. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, मार्चच्या मध्यावर ते फोर्खहाइमला जमले.

ताकभात

थोडक्यात, पोपचा उजवा हात असलेल्या माणसाचाच उजवा हात गेला.

उमा_ताई

वाक्य छान जमले आहे, पण खरे नाही. फोर्खहाइमला पोपचे वकील हजर होते हे खरे. मात्र खुद्द ग्रेगरीने पुढची तीन वर्षे रुडॉल्फला राजा म्हणून उचलून धरले नाही. त्याच्या पत्रांत ‘दोन्ही राजे’ असा उल्लेख येतो. सॅक्सनीच्या लोकांनी त्याला पाठवलेली पत्रे त्यांच्या बाजूच्या ब्रुनो नावाच्या इतिवृत्तकाराने जपून ठेवली आहेत आणि ती वाचताना त्यांची चडफड शब्दाशब्दांतून दिसते. तुमच्या सांगण्यावरून आम्ही या संकटात उतरलो, आता तुम्हीच दोन्ही डगरींवर हात ठेवून बसलात, असा त्यांचा सूर आहे. रुडॉल्फला पोपने स्पष्ट मान्यता दिली ती थेट ७ मार्च १०८० रोजी, रोममधल्या सभेत, हेन्रीला दुसऱ्यांदा बहिष्कृत करताना. त्यानंतर रुडॉल्फ जगला सात महिने आणि काही दिवस.

विसोबा_वाचक

मग तर त्याची बाजू आणखीच लंगडी पडते. पोपची मान्यता नाही, गादीवर राजा बसलेला आहे, तो लहानपणीच अभिषिक्त झालेला आहे. चार असंतुष्ट सरदारांनी एका गावात जमून दुसऱ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला, तर त्याला तोतया म्हणायचे नाही तर काय?

कुसुमावती

विसोबा, शब्दाबद्दल तरी माझा आक्षेप नोंदवते. तोतया म्हणजे दुसऱ्या कुणाचे सोंग घेऊन येणारा. सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्याला माहीत आहे. रुडॉल्फने मी हेन्री आहे असे कधीच म्हटले नाही. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या निवडीच्या जोरावर उभा होता. जर्मन भाषेत अशा माणसासाठी जो शब्द आहे, त्याला मराठीत ‘प्रतिराजा’ हाच जवळचा प्रतिशब्द वाटतो. अर्थात तो शब्दही निकाल लागल्यावर, हरलेल्याला चिकटवलेला आहे. एल्स्टरच्या काठी तो वाचला असता तर आज आपण हेन्रीला पदच्युत राजा म्हणत असतो.

आणि ‘एका गावात जमून’ याबद्दल. जर्मन राजा निवडूनच यायचा, मग तो बहुतेक वेळा आधीच्या राजाचा मुलगा का असेना. खुद्द हेन्रीची निवड १०५३ मध्ये तो तीन वर्षांचा असताना झाली, तेव्हाही सरदारांनी तो न्यायी राजा होणार असेल तर, अशी अट घातली होती असे त्या काळच्या एका इतिवृत्तात नोंदलेले आहे. ज्यांनी चोवीस वर्षांपूर्वी अट घातली, त्यांच्याच वारसांनी, हेन्रीने ती मोडली म्हणून, दुसरा राजा निवडला, असाही युक्तिवाद करता येतो.

गणिताचे_सर

कुसुमावतींनी नेमक्या जागी बोट ठेवले. फोर्खहाइमला रुडॉल्फकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या गेल्या. बिशपांची निवड चर्चच्या नियमाप्रमाणे होऊ द्यायची, ही पहिली. दुसरी अशी की राजपद वारसाने मुलाकडे जाणार नाही. मुलगा लायक असला तरी त्यालाही निवडूनच यावे लागेल आणि नालायक असला तर लोक हवा तो राजा करतील. अकराव्या शतकातला एक सरदार, ज्याला मुलगा आहे, तो हे मान्य करतो. मला या माणसाच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा प्रसंग वाटतो, हाताच्या कथेपेक्षाही.

त्याच बैठकीतला आणखी एक प्रसंग ब्रुनोने टिपला आहे. निवडीच्या आधी एकेक सरदार पुढे येऊन आपापली मागणी मांडू लागला. नॉर्टहाइमचा ऑटो या सॅक्सन सरदाराचे म्हणणे होते की माझे हिरावलेले मानमरातब परत देण्याचे आधी कबूल करा, मग मी मत देतो. तेव्हा पोपच्या वकिलाने सर्वांना थांबवले: राजा व्हायचा आहे तो सर्वांचा, एकेकट्याच्या मागण्या कबूल करून निवड झाली तर ती विकत घेतल्यासारखी दिसेल.

ताकभात

निवडणुकीच्या आदल्या रात्रीची ही बैठक फार ओळखीची वाटते. आचारसंहिता लावणारा तेवढा वकील परदेशी निघाला.

निबंधकार

पण या सगळ्या उदात्त तत्त्वांचे पुढे काय झाले तेही लिहा. २६ मार्च १०७७ रोजी माइन्त्स येथे आर्चबिशप झीगफ्रीडने रुडॉल्फला राज्याभिषेक केला आणि त्याच दिवशी गावात दंगल उसळली. रुडॉल्फच्या परिवारातल्या एकाच्या अंगरख्याची उंची फर एका गावकऱ्याने कापून घेतली आणि त्या खोडीवरून ठिणगी पडली, असे रुडॉल्फच्याच बाजूचे लोक सांगतात. नव्या राजाला आणि त्याला मुकुट घालणाऱ्या आर्चबिशपला माइन्त्स सोडावे लागले. ऱ्हाइनकाठची व्यापारी गावे हेन्रीची होती. खुद्द स्वाबियातसुद्धा रुडॉल्फला पाय रोवता आले नाहीत; हेन्रीने उल्मला न्यायसभा भरवून त्याच्याकडून ड्यूकपद काढून घेतले. शेवटी ज्या सॅक्सनांना त्याने १०७५ मध्ये झोडपले होते, त्यांच्याच दारात त्याला आसरा घ्यावा लागला आणि त्यानंतर तो प्रत्यक्षात केवळ सॅक्सनीचा राजा उरला.

हेन्रीने १०७९ मध्ये स्वाबिया फ्रेडरिक नावाच्या एका सरदाराला दिला आणि आपली मुलगीही त्याला देऊ केली. हाच होहेनश्टाउफेन घराण्याचा उदय. पुढचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हा त्याचा नातू. रुडॉल्फचे बंड झाले नसते तर ही दौलत त्या घराण्याकडे कशाला आली असती?

लाइपझिगकर

धागा उशिरा पाहिला. मी कामानिमित्त सहा वर्षे लाइपझिगला राहतो आणि मेर्झेबुर्ग येथून आगगाडीने जवळच आहे. दोनदा जाऊन आलो आहे, म्हणून पाहिलेले लिहितो.

गाव ‘झाले’ नावाच्या नदीच्या काठी उंचवट्यावर आहे आणि कॅथीड्रल व किल्ला एकमेकांना खेटून उभे आहेत. किल्ल्याच्या आवारात एका पिंजऱ्यात डोमकावळा पाळलेला असतो. त्याची कथा वेगळी आहे आणि रुडॉल्फनंतर चारशे वर्षांनी झालेल्या एका बिशपच्या चोरीला गेलेल्या अंगठीशी ती जोडलेली आहे. आत गेल्यावर रुडॉल्फ जमिनीलगत आडवा दिसतो. मी अपेक्षेने गेलो होतो एखाद्या धिप्पाड पुतळ्याच्या, आणि दिसला तो जवळपास पुरुषभर उंचीचा, पण अरुंद आणि चपटा धातूचा पाट. अंग जेमतेम उठावात आहे. डोके मात्र पाटातून वर आले आहे, जणू उशीवरून मान उचलून कोण आले ते पाहत असावा. डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या आहेत. एके काळी त्यांत काही जडवलेले होते आणि सगळ्या आकृतीवर सोन्याचा मुलामा होता, असे सांगतात. कडेने लॅटिन अक्षरे फिरवलेली आहेत.

माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट अशी की कांस्यातल्या राजाला दोन्ही हात आहेत. पहिल्या खेपेला मी तो वाळका हात आधी पाहिला आणि थडगे नंतर. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला. बोटे आत वळलेली, लहान, जवळजवळ एखाद्या मुलाच्या हाताएवढी वाटतात. वाळल्यावर हात आक्रसतो, हे माहीत असूनही मनाला ते पटत नाही.

शमीवृक्ष

लाइपझिगकर, मनापासून आभार. कडेच्या अक्षरांत काय लिहिले आहे?

लाइपझिगकर

आशय सांगतो. वाडवडिलांच्या कायद्यासाठी मारला गेलेला राजा रुडॉल्फ इथे आहे. शांततेच्या काळात राज्य करता आले असते तर मसलतीत आणि तलवारीत शार्लमेननंतर त्याच्या तोडीचा राजा झाला नसता. त्याची माणसे जिंकली तिथे हा युद्धाचा पवित्र बळी पडला. मरण हेच त्याचे जीवन, तो चर्चसाठी पडला. यात हेन्रीचे नावही नाही.

विसोबा_वाचक

‘त्याची माणसे जिंकली’ हे थडग्यावरचे कौतुक समजायचे की खरे?

गणिताचे_सर

खरे. एल्स्टरची लढाई रुडॉल्फच्या बाजूने जिंकली. सॅक्सन सैन्य लांबची मजल मारून दमलेले होते आणि पायदळ बरेच मागे राहिले होते. एका दलदलीच्या दोन काठांवरून दोन्ही सैन्ये एकमेकांना शिव्या देत, पलीकडे जायची वाट शोधत चालत राहिली आणि बिशपांनी धर्मगुरूंना स्तोत्र गायला लावले. ज्यांचे घोडे थकले होते त्यांना पायउतार होऊन लढावे लागले. नॉर्टहाइमच्या ऑटोने हेन्रीची एक फळी मोडली, आपल्या माणसांना छावणी लुटण्यापासून आवरले, उलट फिरून दुसरीही मोडली आणि मगच लुटीची परवानगी दिली. हेन्रीची पुष्कळ माणसे नदीत बुडाली.

म्हणजे लढाई जिंकली आणि राजा गेला. निकाल मात्र राजाच्या मृत्यूवरून ठरला. त्याच वर्षी पोपने, या वर्षात खोटा राजा मरेल असे भाकीत केले होते, असे एका विरोधी इतिवृत्तकाराने लिहून ठेवले आहे. त्याची मल्लिनाथी अशी की भाकीत खरे ठरले, फक्त खोटा राजा कोणता हे पोपला कळले नव्हते.

ताकभात

त्यानंतर रुडॉल्फच्या बाजूच्यांनी जो राजा निवडला त्या साल्मच्या हेर्मानला लोक ‘लसूणराजा’ म्हणत, कारण त्याचा मुक्काम असलेल्या आइसलेबेनला लसूण पिकायचा म्हणे. रुडॉल्फला निदान असले नाव तरी पडले नाही.

निबंधकार

हेन्रीच्या उदारपणाचीही एक गोष्ट आहे. पुढे तो मेर्झेबुर्गला आला असता, राजा नसलेल्या माणसाला राजासारखे पुरलेले कसे चालवून घेता, असे कोणी विचारले. माझे सगळेच शत्रू असे मानाने पुरलेले असते तर बरे झाले असते, असे तो म्हणाला, अशी कथा आहे. आता पुढचे पाहा. त्याच्याच मुलाने ११०५ च्या अखेरीस त्याला गादी सोडायला लावली. ७ ऑगस्ट ११०६ रोजी तो लिएजला बहिष्कृत अवस्थेत मरण पावला आणि त्याची शवपेटी श्पायरच्या कॅथीड्रललगतच्या, अजून पवित्र न केलेल्या एका खोलीत ११११ पर्यंत दफनाविना पडून राहिली. प्रतिराजा मात्र पहिल्या दिवसापासून कॅथीड्रलमध्ये.

विसोबा_वाचक

पोपने शपथेतून मोकळे केले होते, अट मोडली म्हणून निवड झाली होती, हे मी मान्य करतो. पण मग मरताना त्याने स्वतःच हात उचलून दाखवला आणि याच हाताने मी माझे धनी हेन्री यांच्यापुढे शपथ घेतली होती, असे भोवतीच्या बिशपांना ऐकवले, त्याचे काय? आरोपीचा कबुलीजबाबच आहे की हा.

उमा_ताई

विसोबा, हा कबुलीजबाब लिहिला बांबेर्गच्या एका भिक्षूने, घटनेनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. ब्रुनोने दीड-दोन वर्षांत लिहिलेल्या हकिकतीत मरणाचा प्रसंग आहे, पण तो कबुलीजबाब नाही. तिथे जखमी राजाला विजयाची बातमी समजते आणि आता देवाच्या मनात असेल ते मी आनंदाने सोसतो, असे तो म्हणतो. भोवतीचे सरदार त्याला शब्द देतात की देवाने तुम्हाला जगवले, तर तुमचे दोन्ही हात गेले तरी तुम्ही असेतो सॅक्सनी दुसरा राजा करणार नाही.

शमीवृक्ष, तुमचा दुसरा प्रश्न इथे येऊन मिळतो. ब्रुनोने आपले पुस्तक अर्पण केले आहे मेर्झेबुर्गच्या बिशपला, म्हणजे ज्याच्या चर्चमध्ये ते थडगे आहे त्यालाच. त्या चर्चमध्ये तो हात पाहणाऱ्याच्या कानावर पहिल्यांदा कोणती कथा पडत असेल, ते बघा.

शमीवृक्ष

उमाताई, मी हात ‘विरोधकांचा पुरावा’ असे लिहिले होते, तेव्हा डोळ्यांसमोर फक्त कबुलीजबाबाची कथा होती. मेर्झेबुर्गच्या लोकांनी तो चर्चसाठी पडलेल्या माणसाचा अवशेष म्हणून ठेवला असेल, हे सुचलेच नाही. शीर्षकातला ‘शपथ मोडणारा’ हा शब्द मी बदलणार होते, पण विसोबांसाठी तसाच ठेवते.

विसोबा_वाचक

ठेवा. मी अजून तिथेच आहे.